दोन बोटं उंच

आमच्या जुन्या पुलावरून गाडी गेली की दुसऱ्या कमानीवर ती जराशी उडते. फार नाही. मांडीवर डबा असेल तर झाकण वाजेल, इतकंच. ड्रायव्हर नवखा असेल तर "काय रस्ते करतात लोक" असं पुटपुटतो. गावातला असेल तर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी आता फारशी बाहेर पडत नाही, पण डोळे तपासायला पलीकडच्या काठावर जावं लागलं की त्या उंचवट्याची वाट बघत बसते. गाडी उडाली की मला बरं वाटतं. शेजारी कोण बसलंय त्याला मी हे सांगत नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि पूल काही तेवढा लांब नाही.

इथे मात्र सांगते.

पूल दगडी आहे, पाच कमानींचा. मधली कमान सगळ्यांत मोठी, दोन्ही काठांकडे त्या लहान होत जातात, म्हणून रस्ता मध्ये चढतो आणि पुन्हा उतरतो. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस दिसत नाही. आधी त्याची टोपी दिसते, मग तोंड, मग सगळा माणूस. खांबांना वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे, दगडाची टोकं काढलेली आहेत. आम्ही त्यांना नाकं म्हणायचो. पाणी नाकावर आपटतं, दुभंगतं आणि गपगुमान कमानींखालून जातं. ही नाकं कठड्यापर्यंत वर आली आहेत, त्यामुळे रस्त्याच्या कडेला प्रत्येक खांबावर एक तिकोनी कोनाडा झालाय. बैलगाडी आली की पायी चालणाऱ्यानं त्या कोनाड्यात शिरायचं आणि गाडी जाऊ द्यायची. आता तिथे मुलं मोबाइल घेऊन बसतात. आमच्या काळीही मुलंच बसायची, फक्त हातात काही नसायचं.

पूल कुणी बांधला, कधी, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण तो नीट ठेवायचं काम आमच्या घराकडे होतं. आजोबा गवंडी. त्यांच्या दोन मुलांपैकी थोरला, म्हणजे माझे बाबा, दगडाकडे गेला, आणि धाकटा, म्हणजे काका, लाकडाकडे. आजोबांनी तसं ठरवूनच केलं होतं. दगडाची कमान लाकडाशिवाय उभी राहत नाही. आधी सुतार लाकडाचा साचा करतो, कमानीच्याच आकाराचा, गोल पाठीचा, आणि तो खांबांच्या मध्ये उभा करतो. त्या पाठीवर गवंडी दोन्ही बाजूंनी दगड रचत येतो. शेवटी अगदी वर, मधला दगड ठोकून बसवला की कमान पुरी होते. मग सुतार साच्याखालच्या पाचरी काढतो, साचा खाली येतो आणि कमान आपल्या पायावर राहते.

"कशी राहते?" मी आजोबांना विचारलं होतं.

"प्रत्येक दगड पडायलाच बघतो गं," ते म्हणाले. "शेजारचा त्याला पडू देत नाही. शेजारच्यालाही पडायचंच असतं. सगळ्यांनाच पडायचंय आणि कुणालाच जागा नाही, म्हणून पूल."

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली ती अशी, की साचा काढला की कमान थोडी खाली बसते. चुना दबतो, दगड एकमेकांत नीट रुततात. आमच्या पुलाच्या कमानी दोन बोटं बसतात. म्हणून बांधतानाच त्या दोन बोटं उंच धरायच्या. हे सुतारानं साच्यात धरलं तरी चालतं, गवंड्यानं साच्यावर पातळ पट्ट्या घालून धरलं तरी चालतं. फक्त एकानंच धरायचं. म्हणून काम सुरू करताना आजोबा दोन्ही मुलांना समोर उभं करून मोठ्यानं विचारायचे, "दोन बोटं कुणाकडे?" आणि दोघांतला एकजण म्हणायचा, "माझ्याकडे." मग दुसरा तो विषय मनातून काढून टाकायचा. आजोबांचा आणखी एक दंडक होता: भावाच्या कामाला मापाचा गज लावायचा नाही. त्यानं केलंय म्हटलं की केलंय.

आता हे सगळं कसं फिसकटलं ते सांगते.

आजोबा गेले ते शिडीवरून पडून. पुलावर नाही, घरीच, काकाच्या कारखान्यात. कारखाना कसला, अंगणाच्या कडेची पत्र्याची शेड. माळ्यावरची एक फळी काढायला ते चढले होते आणि शिडी काकानं धरली होती. काकानं क्षणभर मान वळवली असेल, नसेल. शिडी घसरली. आवाज ऐकून बाबा धावत आले आणि त्यांनी एकच विचारलं, "शिडी कुणी धरली होती?"

त्या प्रश्नात दोष होता की नुसती घाबरगुंडी, ते बाबांनाही सांगता आलं नसतं. पण काकाला त्यात जे ऐकू यायचं ते आलं. आजोबा अंथरुणावर होते तोवर दोघे भाऊ पाळीपाळीनं त्यांच्यापाशी बसले, आणि आजोबा गेले तसे एकमेकांशी बोलायचे थांबले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. भांडणाला निदान शेवट असतो.

काकानं अंगणात मधोमध फळ्यांची थप्पी लावली. "वाळायला ठेवल्यात," म्हणाला. फळ्या वाळून खडखडीत झाल्या तरी तिथेच. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला काका, काकू आणि माझी चुलत बहीण. ती माझ्याच वयाची. सदानकदा तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असायची म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. आई आणि काकू त्या थप्पीवरून भाजीच्या वाट्या एकमेकींना देत. मी आणि भुंगी थप्पीच्या खालून, जिथे ठोकळ्यांवर फळ्या टेकवल्या होत्या तिथून, आरपार सरपटत जायचो. दोघा भावांना मात्र तो डोंगर झाला होता.

त्या वर्षी नदीला पूर आला आणि वरून वाहत आलेलं एक अख्खं झाड, मुळांसकट, दुसऱ्या कमानीत आडवं अडकलं. पाणी त्याच्यामागे तुंबलं, चढलं, आणि एका संध्याकाळी कमान गेली. खांब राहिले. मधे नुसतं आभाळ. मला आठवतं, लोक दोन्ही काठांवर उभे होते. तोंडात पुढचा दात नसावा तसा पूल दिसत होता.

सरकारी साहेब आले. तरुण होते, ऊन असो की सावली, हातात छत्री असायचीच, म्हणून छत्रीसाहेब. माणूस हुशार आणि कामाला चोख. त्यांनी नकाशा काढला, उरलेल्या कमानी मोजल्या, आणि गावात विचारलं की जुन्या पद्धतीचं काम कोण करतं. लोकांनी आमचं घर दाखवलं. एकाच अंगणात उभं राहून साहेबांना दोनदा बोलावं लागलं, एकदा थप्पीच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला. दोघेही हो म्हणाले. आजोबांच्या पुलाला नाही कोण म्हणणार?

पण काकानं त्याच वेळी काकूला सांगून टाकलं होतं, "एवढा साचा करतो. साचा उतरला की आपण निघायचं." दूरच्या एका शहरात मोठ्या कारखान्यात त्याला काम मिळत होतं, राहायला खोली होती, शाळा होती. भुंगीनं थप्पीखाली पालथी पडून मला हे सांगितलं. गुणगुणत नव्हती ती.

"कायमचं?" मी विचारलं.

"आई म्हणते, भांडीकुंडी पण न्यायची."

भांडीकुंडी नेणार म्हणजे कायमचं, हे आम्हा दोघींनाही कळलं. त्या दिवसापासून मला ती कमान पुरी होऊच नये असं वाटायला लागलं, आणि ती होत होती माझ्याच घरात.

दोघे बोलत नसले तरी कामापुरतं तरी काही पोचायला हवं. ते काम माझ्याकडे आलं. काकानं माझं नाव ठेवलं टपाल.

"टपाल, तुझ्या बापाला सांग, उद्या लाकूड येतंय. त्याचे दगड अंगणात पसरलेत ते बाजूला घे म्हणावं."

बाबा तिथेच, थप्पीच्या अलीकडे, हात धूत उभे असायचे. "सांग त्याला, दगडांना काही पाय फुटलेले नाहीत. लाकूड हलकं असतं, तेच सरकव म्हणावं."

"सांग त्याला, लाकूड हलकं असतं असं ज्यानं कधी उचललं नाही तोच म्हणतो."

मी नुसती मान इकडून तिकडे वळवायची. मला काही म्हणावंच लागायचं नाही. आई आतून ओरडायची, "अरे, एक दिवस त्या पोरीची मान मोडेल! लग्न कसं व्हायचं तिचं?"

"तिरक्या मानेचा नवरा बघू," काकू थप्पीपलीकडून म्हणायची, आणि दोघी जावा हसायच्या. भाऊ हसायचे नाहीत. पण मी दोन्हीकडे बघत असायची ना, म्हणून मला माहीत आहे, दोघांच्याही मिशा एकाच वेळी हलायच्या.

काकानं शेडची जमीन झाडून घेतली आणि त्यावर खडूनं पूर्ण मापाची कमान काढली. मधल्या खिळ्याला दोरी बांधून तो गुडघ्यांवर फिरत फिरत रेघ ओढायचा, आणि मी आणि भुंगी दोरी ताठ धरायचो. रेघ पुरी झाली. काका तिच्याकडे बराच वेळ बघत बसला. मग एका बाजूनं ती फडक्यानं पुसत गेला आणि पुन्हा काढली, वरच्या टोकाशी थोडी उंच. काढून झाल्यावर जुन्या आणि नव्या रेघेच्या मधे त्यानं आपली दोन बोटं ठेवून पाहिली.

"काका, चुकलं होतं का?" भुंगीचा बाप तो, पण विचारलं मी.

"नाही. तुझ्या बापाच्या ध्यानात नसणार," तो म्हणाला. "आबा गेल्यापासून त्याचं लक्ष असतं कुठे?" आणि मग एकदम, "हे टपाल नाही हं. हे पोचवायचं नाही."

मग तो पुन्हा कामाला लागला. फळ्या कापल्या, जोडल्या, खुंट्या मारल्या. साचा तुकड्यातुकड्यांनी नदीवर गेला आणि खांबांच्या मधे उभा राहिला, उलट्या होडीच्या सांगाड्यासारखा. साच्याच्या पायाशी दोन्हीकडे पाचरी ठोकल्या. एवढं झालं की सुताराचं तिथलं काम संपतं ते थेट शेवटापर्यंत. काका शेडमध्ये परतला आणि सामान बांधायच्या पेट्या करायला बसला.

आता बाबांची पाळी. कमानीचा प्रत्येक दगड वरून रुंद, खालून निमुळता. बाबा तो छिन्नीनं घडवायचे, गुण्या लावून कोन बघायचे, तळहात फिरवायचे. हाताला पटलं नाही तर गुण्याला पटून उपयोग नाही, असं म्हणायचे. साच्याला मात्र त्यांनी गज लावला नाही. भावाचं काम मोजायचं नाही, बोलणं बंद असलं तरी.

दगड चढवायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "काकाकडून पातळ पट्ट्या आण. बोटाएवढ्या जाड, काही त्याहून पातळ. रंधलेल्या."

मी थप्पीखालून गेले. काका पेटीला खिळे मारत होता.

"बाबांना पट्ट्या हव्यात. रंधलेल्या."

"कशाला?"

"ते नाही सांगितलं."

"चूल पेटवायला असतील," काका म्हणाला. पण त्यानं पेटी बाजूला ठेवली, चांगलं पिवळं लाकूड काढलं, आणि दुपारभर बसून अशा काही गुळगुळीत पट्ट्या रंधून दिल्या की त्यांनी चूल पेटवणाऱ्याचं काळीज फाटावं. जुडी बांधून माझ्या हातात देताना म्हणाला, "सांग, चूल पेटली नाही तर सुताराचा दोष नाही."

बाबांनी त्या पट्ट्या साच्याच्या पाठीवर मांडल्या, कडेला पातळ, वरती जाड. मी कोनाड्यात बसून बघत होते. मांडून झाल्यावर त्यांनी वरच्या पट्ट्यांशी दोन बोटं धरली आणि मान हलवली. मजुरांपैकी एक म्हातारा होता, तो म्हणाला, "का हो, साच्यात नाही का धरलेलं?" बाबा हळूच म्हणाले, "असू दे. त्याचं मन ठिकाणावर नाही सध्या. उगा कमान पातळीच्या खाली गेली तर लोक त्यालाच बोलतील. आधीच काय कमी ऐकलंय त्यानं."

म्हातारा पुन्हा चुना कालवायला लागला. दोन भावांच्या मधे कोण पडणार?

मला यातलं काही जुळवता आलं नाही. मी तेव्हा लहान होते, आणि माझं सगळं लक्ष काकाच्या पेट्यांकडे होतं. एक पेटी भरली की भुंगी मला त्यात काय काय गेलं ते सांगायची. तिची पाटी गेली. काकूचा आरसा गेला. इकडे दगडामागून दगड वर चढत होता, दोन्ही काठांकडून, आणि मधली फट रोज अरुंद होत होती. शेवटी बाबांनी मधला दगड वरून ठोकून बसवला. लाकडी मोगरीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आधी पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव. मजूर ओरडले. मी रडत घरी गेले, आणि आईला वाटलं मी आनंदानं रडतेय.

चुना धरेपर्यंत थांबले. मग साचा उतरवायचा दिवस आला. काठावर लोक गोळा झाले. काकूच्या घरातलं सगळं सामान पेट्यांत होतं, दुसऱ्या दिवशी गाडी सांगितलेली.

पाचरी साच्याच्या पायाशी, पण पाय खांबाच्या कंगोऱ्यावर, म्हणजे बाहेर आलेल्या दगडी कडेवर टेकलेले, माणसाच्या दुप्पट उंचीवर. एका बाजूला काकाचा मदतनीस चढला, दुसऱ्या बाजूला काका. आजोबा गेल्यापासून काका शिडी कुणालाच धरू देत नसे. दोरीनं कशाला तरी बांधायचा आणि चढायचा. इथे बांधायला काहीच नव्हतं. एका अंगाला गुळगुळीत दगडी खांब, दुसऱ्या अंगाला तोच साचा, जो आता खाली येणार. खालची वाळू ओली.

छत्रीसाहेब म्हणाले, "कुणीतरी शिडी धरा."

"नको," काका म्हणाला. "कुणी नको." आणि चढला.

शिडीचा एक पाय वाळूत रुतला. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. काका थांबला, तोल सावरला, पुन्हा एक पायरी चढला.

बाबा काठावर साहेबांजवळ उभे होते. त्यांनी वहाणा काढल्या, पाण्याच्या कडेनं चालत कमानीखाली गेले, खालच्या पायरीवर आपला पाय ठेवला आणि शिडीचे दोन्ही दांडे हातांनी धरले. त्यांचं कपाळ काकाच्या टाचेशी होतं.

काकानं खाली पाहिलं नाही. शिडी हलेनाशी झाली तेव्हाच त्याला कळलं असणार. मोगरी त्याच्या हातात तशीच वर राहिली. नदीचा आवाज येत होता. पलीकडचा मदतनीस मान काढून बघत होता, कारण दोन्हीकडून ठोका एकदमच पडायला हवा. मला वाटलं, काका आता उतरेल आणि चालू लागेल.

मग बाबा म्हणाले, "धरलीय मी. मार."

काकाचा आवाज वरून आला. "घट्ट?"

"घट्ट."

"दादा, तेव्हासुद्धा मी घट्टच धरली होती रे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "मी विचारायला नको होतं. मार आता, पाय गारठले माझे."

काकानं मोगरी मारली. पलीकडून ठोका पडला. पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. पाचरी कुरकुरत मागे सरकल्या. साचा कण्हला आणि थोडा खाली आला. आणि त्याबरोबर कमानीच्या पोटातून टप टप काहीतरी पडायला लागलं. लोक मागे पळाले, त्यांना वाटलं दगड निसटले. एक बाई किंचाळलीच. पण पडत होत्या त्या पिवळ्या पट्ट्या. काही पाण्यात पडल्या आणि तरंगत निघाल्या, काही वाळूत, आणि एक बाबांच्या डोक्यावर.

काका शिडीवरून उतरला. वाळूतली एक पट्टी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला. स्वतःचा रंधा तो ओळखणार नाही का?

"ही चूल होय?" तो म्हणाला.

बाबा डोकं चोळत होते. "दोन बोटं धरली होती. मला वाटलं, तुझ्या ध्यानात नसणार."

"माझ्या ध्यानात?"

"मग? थोडंथोडकं डोक्यात घेऊन फिरतोयस का?"

"दादा, अरे, मी साच्यात धरली होती!"

"काय?"

"दोन बोटं! साच्यात! मला वाटलं तूच विसरणार."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनी एकदमच वर पाहिलं. छत्रीसाहेबांनी तोवर वर जाऊन कमानीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी ताणली होती. छत्री बगलेत मारून ते वाकून बघत होते, पुन्हा बघत होते.

"बसली," ते वरून म्हणाले. "अगदी ठरल्याइतकी बसली. पण अजून नकाशाच्या वरच आहे. साधारण..." आणि त्यांनी वरूनच खाली हात काढून दोन बोटं दाखवली.

काका आधी हसला. बाबांनी त्याच्याकडे रागानं पाहायचा प्रयत्न केला आणि मग तेही हसायला लागले. कमानीखाली हसलं की ते हसू दगडांवरून घरंगळत परत येतं, त्यामुळे वाटत होतं आत अख्खी वरात आहे. हसता हसता काका एकदम वाळूत बसला आणि त्यानं तोंड हातात घेतलं. बाबा त्याच्या शेजारी बसले, ओल्या वाळूत, सणकून गार पाण्याला पाय लावून. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आईनं मला पुढे जाऊ दिलं नाही.

साहेब खाली आले तेव्हा दोघे उठून उभे राहिले, शाळेत पकडलेल्या मुलांसारखे.

"चूक आमची," बाबा म्हणाले.

"माझी," काका म्हणाला. "साचा माझा."

"आता तुम्ही याच्यावरूनही बोलणं बंद करू नका," साहेब म्हणाले. "कमान मजबूत आहे. वर असणं हे खाली असण्यापेक्षा बरं. रस्ता थोडा उतरता करून घेऊ, तरी गाडी जराशी उडेल." ते जायला वळले आणि थांबले. "तुमच्यात हे आधी कोण विचारायचं?"

"आबा विचारायचे," दोघे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडीवाला दारात आला. काकानं त्याला परत पाठवलं, म्हणाला, कठडा व्हायचाय अजून. कठड्याला सुतार लागत नाही. गाडीवाल्यालाही ते ठाऊक होतं, पण तो चहा पिऊन गेला. मग काका म्हणाला, रस्ता भरून होईपर्यंत थांबतो. मग म्हणाला, पहिली गाडी जाऊ दे. काकू एकेक पेटी उघडून लागेल तेवढं काढत होती. आधी आरसा काढला, मग तवा, मग भुंगीची पाटी. थप्पीतल्या फळ्या एकेक करून कमी होत गेल्या, कशाला ना कशाला लागत गेल्या, आणि एका सकाळी अंगण सरळ आरपार दिसलं. मला आणि भुंगीला थोडं वाईटच वाटलं. आमची सरपटायची जागा गेली.

त्या शहरातल्या कारखान्याला काकानं शब्द दिला होता, तो मोडला नाही. हंगामापुरता गेला, एकटा, हत्यारांची एक पेटी घेऊन. "भांडीकुंडी कशाला न्यायची?" तो काकूला म्हणाला. "परत आणायला पुन्हा गाडी लागेल." भुंगी तो हंगामभर आमच्याकडेच झोपायची, माझ्या पांघरुणात, आणि झोपेतही गुणगुणायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता ती पलीकडच्या काठावर असते, डोळ्यांच्या दवाखान्याच्या गल्लीत, आणि अजून गुणगुणते.

काका निघाला तेव्हा आम्ही सगळे पुलाच्या पहिल्या कोनाड्यात उभे होतो. बाबा पुढे, कठड्याला टेकून. काकाची बैलगाडी आमच्यासमोरून पुढे गेली आणि चढाला लागली. काका पेटीवर बसला होता, आमच्याकडे तोंड करून. दुसऱ्या कमानीवर चाक चढलं, गाडी उडाली, पेटीतली हत्यारं खणखणली, आणि काका आपल्या जागेवरून चांगला वर उचलला जाऊन परत आदळला.

"दिसलं का?" तो तिथून ओरडला. "तुझी दोन बोटं!"

"तुझी!" बाबा ओरडले.

गाडी चढावर जात राहिली. आधी चाकं दिसेनाशी झाली, मग पेटी, मग काका. शेवटी नुसता हात राहिला होता, दोन बोटं वर केलेला. तोही उतरला, तरी बाबा कोनाड्यातून हलले नाहीत. आई म्हणाली, "चला आता," तर म्हणाले, "थांब जरा. पलीकडच्या उतारावर दिसेल अजून."

पलीकडचा उतार या टोकावरून दिसत नाही. त्या पुलावर जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच. आम्ही थांबलो.